पहिली यादी, दुसरी यादी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजच्या फलकावर प्रवेशाची पहिली यादी लागायची. टाइप केलेले कागद, खाली प्राचार्यांची सही, गोल शिक्का, आणि काचेला नाक लावून उभी असलेली पोरं. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आणि त्यातली अकरा वर्षं प्रवेश समितीवर होते. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी, आणि मग कुणी कुणाची चिठ्ठी घेऊन यायचं, ती कागदावर न येणारी चौथी. स्टाफरूममध्ये चहा पिताना आम्ही एकमेकांना सांगायचो, "यंदा आपलं सायन्स ब्याऐंशी टक्क्यांना बंद झालं." पलीकडच्या कॉलेजचं अठ्ठ्याहत्तरला बंद झालेलं असलं, तर चहा जरा गोड लागायचा.

बंद झालं! शब्द आमचाच. कॉलेज किती चांगलं हे ते कोणत्या आकड्याला बंद झालं यावरून ठरायचं, आणि यात काही विचित्र आहे असं मला तीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. वाटलं ते निवृत्तीनंतर, ॲरिझोनातल्या टेंपी गावात, नातवाची बाबागाडी ढकलताना.

लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. तिने एमएस तिथल्याच ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतून केलं, जावई शेजारच्या चँडलरला नोकरीला, आणि घर विद्यापीठापासून चालत दहा मिनिटांवर. बाळ पहाटे पाचला उठायचं. लेकीला तासभर झोप मिळावी म्हणून मी त्याला घेऊन बाहेर पडायची. त्या गावात फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी आपल्याकडच्या डिसेंबरसारख्या असतात, आणि आवारात कडू संत्र्यांची झाडं आहेत. मार्चमध्ये ती फुलली, की एरवी धूळ आणि डांबराचा वास येणाऱ्या त्या गावाला अचानक कुणीतरी अत्तर लावल्यासारखं वाटतं. उंच ताडांची दुतर्फा रांग असलेला एक लांबलचक रस्ता आहे, पाम वॉक. तिथून आमची फेरी सुरू व्हायची, आणि १८९८ साली बांधलेल्या ‘ओल्ड मेन’ नावाच्या लाल विटांच्या इमारतीपाशी बाळाला झोप लागायची. मग मी बाकावर बसून समोर जे दिसेल ते वाचायची. शिक्षकाची खोड, फलक दिसला की वाचायचाच.

अशाच एका सकाळी विद्यापीठाची सनद वाचली. आपल्या विद्यापीठांची ब्रीदवाक्यं संस्कृतात असतात, त्यामुळे ती कुणाला टोचत नाहीत. ही साध्या इंग्रजीत होती, आणि तिच्या पहिल्याच वाक्याने मला प्रवेश समितीच्या टेबलावर परत नेऊन बसवलं. त्याचा अर्थ असा: आम्हाला मोजायचं ते आम्ही कोणाला बाहेर ठेवलं यावरून नाही, कोणाला आत घेतलं आणि आत आल्यावर त्यांचं पुढे काय झालं, यावरून मोजायचं.

मी ते दोनदा वाचलं. मग मनात म्हटलं, लिहायला काय जातंय.

*

संध्याकाळी जावयांना विचारलं. ते म्हणाले, "आई, हे सगळं मायकल क्रो नावाच्या माणसाचं. २००२ पासून तोच आहे."

"२००२ पासून? एकच माणूस?"

मला धक्का बसला तो इथे. आपल्याकडे कुलगुरूची मुदत पाच वर्षं, आणि सध्याच्या कायद्यानुसार त्याच विद्यापीठात परत नेमणूक नाही. त्यातलं पहिलं वर्ष सत्कारात जातं, शेवटचं निरोपात, आणि मधली तीन कोर्टात. (माझ्या ओळखीचे एक माजी कुलगुरू हे स्वतःच सांगायचे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.) अमेरिकेतही विद्यापीठाचा प्रेसिडेंट साधारण पाच-सहा वर्षं टिकतो. हा माणूस वीस वर्षं उलटून गेली तरी खुर्चीत आहे, आणि त्या काळात विद्यापीठ ओळखू येणार नाही इतकं बदललं आहे.

अर्थात, या विद्यापीठाला एकाच माणसाच्या लांब कारकिर्दीची सवय जुनी आहे. १८८६ साली शिक्षक तयार करणारी शाळा म्हणून ते सुरू झालं, तेव्हा चार खोल्या आणि तेहतीस विद्यार्थी होते. ॲरिझोना तेव्हा राज्यसुद्धा नव्हतं. पुढे १९३३ ते १९५९ अशी सव्वीस वर्षं ग्रेडी गॅमेज नावाचे गृहस्थ प्रमुख होते. टूसॉनला जुनं विद्यापीठ आधीपासून होतं आणि त्याला राज्यात दुसरं विद्यापीठ नको होतं. हे कॉलेज आहे, कॉलेजच राहू दे, असा टूसॉनवाल्यांचा हेका. शेवटी १९५८ साली साऱ्या राज्याच्या मतदारांनी मतदान करून टेंपीच्या कॉलेजला ‘युनिव्हर्सिटी’ म्हणायला परवानगी दिली. नावासाठी भांडण फक्त आपल्याकडेच होतं असं वाटायचं मला. मराठवाड्याच्या नामांतराचा वणवा आठवला, पण त्या आगीत माणसं होरपळली होती. तिथे मतपेटीवर भागलं.

त्या गॅमेजच्या नावाचं गोल, गुलाबी-तपकिरी सभागृह रस्त्याच्या वळणावर आहे. आराखडा फ्रँक लॉइड राइटचा. गॅमेज आणि राइट दोघेही ते उभं राहिलेलं पाहायला नव्हते.

*

क्रो यांच्याबद्दल मग मी वाचत गेले. दुपारी बाळ आणि लेक झोपल्यावर मला दुसरा उद्योग नव्हता.

वडील नौदलात. नऊ वर्षांचा असताना आई गेली. बदल्यांमुळे बारावीपर्यंत सतरा शाळा झाल्या. सतरा! ही आमच्या एसटीतल्या आणि पोलिसातल्या लोकांची मुलं. दर जूनला नवी शाळा, नवा बाक, आणि दाखला वेळेवर आला नाही म्हणून वर्गाबाहेर उभं राहणं. ते स्वतः एक गोष्ट वारंवार सांगतात. १९६८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्या स्काउट पथकाने गरीब कुटुंबांसाठी धान्य आणि डबे गोळा केले होते. ते पोहोचवायला गेलेल्या घराला डांबरी कागदाच्या भिंती होत्या, खाली जमीन मातीची. त्याच रात्री घरी येऊन टीव्ही लावला, तर अपोलो ८ मधली माणसं चंद्राभोवती फिरत होती. तेरा वर्षांच्या मुलाला प्रश्न पडला: हे जमतं, मग ते का नाही?

नेते लहानपणची अशी गोष्ट सांगतात तेव्हा मी जरा सावध होते. आपल्याकडे प्रत्येक शिक्षणमहर्षी कंदिलाखाली शिकलेला असतो. पण ही गोष्ट मला पटली, कारण त्यांनी पुढे जे केलं त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, मातीची जमीनही आणि चंद्रही. त्याच विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ‘सायकी’ नावाचं यान ऑक्टोबर २०२३ मध्ये धातूच्या एका लघुग्रहाकडे निघालं, आणि त्याच विद्यापीठात राज्यातला बी ग्रेडचा विद्यार्थी, म्हणजे आपल्या भाषेत साधा प्रथम वर्गवाला, दारावरून परत जात नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आपल्याला ती चटकन कळत नाही. २००२ साली ते आले तेव्हा विद्यापीठात सुमारे ५५ हजार विद्यार्थी होते. आज १ लाख ४० हजारांच्या वर आहेत, त्यातले निम्म्याच्या आसपास ऑनलाइन. मराठी वाचक म्हणेल, त्यात काय एवढं, आमच्या पुण्याला आणि मुंबईला कितीतरी लाख आहेत. पण आपले लाख संलग्न महाविद्यालयांत असतात. पुण्याचं विद्यापीठ इगतपुरीच्या पोराला शिकवत नाही. ते त्याची परीक्षा घेतं, निकाल उशिरा लावतं, आणि प्रमाणपत्रावर सही करतं. शिकवतो आम्ही. टेंपीचं विद्यापीठ जितक्यांना घेतं तितक्यांना स्वतः शिकवतं. शिवाय त्याचा संशोधनावरचा वार्षिक खर्च याच काळात साधारण १२ कोटी डॉलरवरून ९० कोटींच्या वर गेला.

या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत, असं अमेरिकेतलं शहाणपण होतं. शेजारच्या कॅलिफोर्नियाने १९६० साली तिथल्या विद्यापीठाचे प्रमुख क्लार्क कर यांच्या पुढाकाराने तसा रीतसर आराखडाच केला होता. वरच्या साडेबारा टक्के मुलांनी संशोधन विद्यापीठात जायचं, वरच्या एक तृतीयांशांसाठी राज्य महाविद्यालयं, बाकी सर्वांना दोन वर्षांची कॉलेजं खुली. त्या काळात ही फार उदार योजना होती, हे मान्य करायला हवं. पण मुलं वाढत गेली, वरच्या थरातल्या जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत, आणि बर्कली नि लॉस एंजेलिसची विद्यापीठं नकार देत देत मोठी झाली. क्रो यांचं म्हणणं असं की पन्नास-साठ सालच्या बर्कलीत ज्या मुलाला सहज जागा मिळाली असती, त्याच मुलाला आज तिथलं दार बंद आहे. मूल तितकंच हुशार आहे, दार मात्र अरुंद झालं. ते स्वतः आले कोलंबियासारख्या महागड्या, निवडक विद्यापीठातून, म्हणजे अरुंद दार आतून पाहिलेला माणूस.

हे वाचलं त्या दिवशी मला आमची ‘ब्याऐंशीला बंद’ आठवली. अठ्ठ्याहत्तरवरून ब्याऐंशीवर गेलो तेव्हा आमचं शिकवणं तसूभरही सुधारलं नव्हतं. तेच शिक्षक, त्याच नोट्स, तीच गळकी प्रयोगशाळा. फक्त अर्ज वाढले होते.

*

आल्याआल्या क्रो यांनी पहिला हात घातला तो विभागांना. भूगर्भशास्त्र आणि खगोलशास्त्र मोडून पृथ्वी व अवकाश संशोधनाची एक शाळा केली, मानववंशशास्त्राचा जुना विभाग बंद करून त्यातून मानवी उत्क्रांती आणि समाजबदल अशी नवी, आणि शाश्वततेच्या अभ्यासाची एक वेगळीच. असे डझनावारी विभाग मोडले, जोडले, नावं बदलली. विभाग बंद करणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या कुणालाही सांगायला नको. आमच्याकडे राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन एकत्र करायची नुसती चर्चा निघाली होती, तर दोन सहकारी वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार यावर प्राचार्यांकडे अर्ज गेला होता. मग हे तिथे कसं जमलं असेल? एक कारण उघड आहे. विरोध करणाऱ्याला माहीत होतं की हा माणूस पाच वर्षांत जाणार नाही. आपल्याकडे कुलगुरूच्या प्रत्येक योजनेला सगळे मान डोलावतात आणि मनात म्हणतात, चार वर्षं काढू.

दुसरा हात शहराला. फिनिक्सचं मधलं शहर तेव्हा संध्याकाळी पाचनंतर ओस पडायचं. २००६ साली शहरातल्या मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली, त्यातले २२ कोटी ३० लाख डॉलर विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी होते, आणि त्याच वर्षी तिथे वर्ग भरायला लागले. टेंपीहून रूळगाडीने अर्ध्या तासात पोहोचता येतं. मी बाळाला घेऊन दोनदा गेले. पत्रकारितेची शाळा, जुनं पोस्ट, मग एक बाग, आणि बागेवर आकाशात टांगलेलं भलंमोठं जाळं. कोळ्याने पागायला टाकावं आणि ते वरच अडकून राहावं, तसं. कलाकृती आहे म्हणे. बाळाला फार आवडलं. शहराने आपल्या पैशातून सरकारी विद्यापीठासाठी आवार बांधून द्यावं, हे मला त्या जाळ्यापेक्षा जास्त नवलाचं वाटलं.

विद्यार्थी कुठे अडखळतोय हे आधी कळावं म्हणून त्यांनी संगणकावर एक व्यवस्था बसवली आहे. कोणत्या सत्रात कोणता विषय सुटायला हवा हे तिला माहीत असतं, आणि पोरगं वाट सोडायला लागलं की ती त्याला आणि त्याच्या सल्लागाराला कळवते. लेकीने मला तिच्या वेळचा पडदा दाखवला. मी त्यावर बराच वेळ बघत बसले. आमच्याकडे मूल वाट चुकल्याचं तिसऱ्या वर्षी कळतं, पहिल्या वर्षाचा एटीकेटीचा विषय मानगुटीवर बसलेला असतो तेव्हा. तोपर्यंत ते आम्हाला नावाने माहीत नसतं. एकशेवीसच्या तुकडीत कुठून माहीत असणार?

*

आता पैशाचं. इथे गोष्ट जरा कडू होते.

ॲरिझोनाच्या राज्यघटनेत लिहिलं आहे की सरकारी विद्यापीठातलं शिक्षण शक्य तितकं मोफतच्या जवळ असावं. राज्यशास्त्राची मास्तरीण असल्याने मला ते कलम वाचून भरून आलं. पण २००८ च्या मंदीनंतर त्याच राज्याने विद्यापीठांचं अनुदान इतकं छाटलं की दर विद्यार्थ्यामागचा सरकारी पैसा दहा वर्षांत निम्म्याहून खाली आला. २०१५ साली तीन विद्यापीठांचे मिळून एका फटक्यात ९ कोटी ९० लाख डॉलर कापले. क्रो यांचं यावरचं उत्तर असं की आम्ही सरकारी खातं नाही, सार्वजनिक उद्योग आहोत. म्हणजे सरकारने दिलं नाही तर कमावू. स्थानिक विद्यार्थ्याची फी ते आले तेव्हा वर्षाला अडीच हजार डॉलरच्या आसपास होती, ती दहा हजारांच्या वर गेली. ‘मोफतच्या जवळ’ म्हणायला हे जरा लांब आहे. राज्याच्या ॲटर्नी जनरलनेच २०१७ साली यावर दावा ठोकला. फीच्या मुद्द्यावर असा दावा करायचा अधिकारच तुम्हाला नाही, असं कोर्टाने सांगितलं, आणि मूळ प्रश्न तसाच राहिला.

स्थानिक गरीब मुलांना मदत भरपूर मिळते, त्यांची भरायची रक्कम पुष्कळ कमी होते, हे खरं. मग पैसा येतो कुठून? बाहेरच्या राज्यातून आलेल्यांकडून, ऑनलाइनवाल्यांकडून, आणि परदेशातून आलेल्यांकडून. म्हणजे आमच्याकडून. लेकीच्या एमएससाठी आम्ही बँकेचं बत्तीस लाखांचं कर्ज काढलं होतं, नाशिकच्या गंगापूर रोडचा फ्लॅट तारण ठेवून. टेंपीच्या आवारात सकाळी चालताना पाठीला सॅक लावलेली किती मराठी पोरं भेटायची! सोलापूरची, जळगावची, एक तर चक्क येवल्याचा. मला बघून "काकू, मराठी का?" म्हणून थांबायची. त्यातल्या प्रत्येकाच्या मागे कुठेतरी एक तारण ठेवलेलं घर होतं. सनदेतलं ते सुंदर वाक्य उभं ठेवायला जे खांब लागले, त्यातला एक गंगापूर रोडवर आहे, आणि त्याचे हप्ते आम्ही गेल्या वर्षी संपवले. तक्रार नाही, लेकीचं भलं झालं. पण हिशेब लिहायचा तर पूर्ण लिहावा.

शिकवणाऱ्यांचाही लिहावा. इतक्या जणांना आत घ्यायचं, तर वर्ग कोण घेणार? २०१४ च्या अखेरीस इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या कंत्राटी शिक्षकांना सत्राला चारऐवजी पाच वर्ग द्यायचा प्रस्ताव आला आणि देशभर ओरड झाली. पाच वर्ग म्हणजे शंभराच्या वर मुलांचे निबंध, आणि निबंध तपासणं म्हणजे काय हे ज्याने तपासलेत त्यालाच ठाऊक. वाढीव पगाराची भर घालून पुढे तडजोड झाली. मला तासिका तत्त्वावर काम करणारी आमची मुलं आठवली. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली, सकाळी एका कॉलेजात तीन तास, दुपारी दुसऱ्यात दोन, आणि मानधन दिवाळीनंतर. क्रो यांचा स्वतःचा पगार त्यांच्या टीकाकारांना तोंडपाठ आहे. काही वर्षी सगळं धरून तो दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. कुणी म्हणतं, विद्यापीठाचा कारखाना केला. कुणी म्हणतं, जाहिरात जास्त. ती आहेच. ‘यू.एस. न्यूज’च्या क्रमवारीत ‘नावीन्यात पहिला’ हा मान २०१५ पासून दरवर्षी त्यांना मिळतो, आणि स्टॅनफर्ड नि एमआयटी आमच्या खाली आहेत, हे रस्त्यावरचे फलक तुम्हाला विसरू देत नाहीत. ज्या माणसाने क्रमवारीला तुच्छ मानून सुरुवात केली त्याच्या आवारात ही मोठी अक्षरं पाहून मला हसू आलं.

आणखी एक गंमत. निवडक संशोधन विद्यापीठांची अमेरिकेत एक जुनी संघटना आहे, सत्तरेक सभासद, प्रवेश फक्त आमंत्रणाने. तिचा मोठेपणाच मुळी ती कोणाला घेत नाही यात. जून २०२३ मध्ये तिने या विद्यापीठाला आत घेतलं. विद्यापीठात आनंदीआनंद! पहिल्या यादीत नाव लागल्याचा आनंद कुणाला चुकत नाही.

*

या सगळ्यात मला सारखे आठवत होते ते राम ताकवले.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, त्याचे ते पहिले कुलगुरू. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, नंतर दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद, आणि ते चक्क मराठीत आहे. दहावी-बारावी न झालेल्याला पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीला येता यायचं. अमेरिकेत क्रो यांनी सनद लिहिली २०१४ साली. आपल्याकडे हे पाव शतक आधीपासून चालू होतं, आणि त्याच्या एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारी जायची.

आम्हाला ‘समंत्रक’ म्हणायचे. चांगला शब्द आहे, शिक्षक नाही, गुरू नाही, शेजारी बसून सल्ला देणारा. रविवारी सकाळी दहाला संपर्क सत्र. वर्गात एसटीचे कंडक्टर, पोलीस हवालदार, अंगणवाडी सेविका, अंबडच्या कारखान्यातले कामगार, आणि एक सासूबाई नि त्यांची सून, दोघी एकाच वर्षाला. रात्रपाळी करून आलेला माणूस पहिल्या बाकावर बसून झोपायचा, आणि तास संपल्यावर नेमका सर्वांत अवघड प्रश्न विचारायचा. स्वाध्याय वेळेवर आणून देण्यात आमच्या रोजच्या विद्यार्थ्यांपेक्षा ते कितीतरी पक्के.

खरं सांगायचं, तर त्या कामाकडे मी कधीच माझं खरं काम म्हणून पाहिलं नाही. रविवारचे चार पैसे आणि थोडी समाजसेवा. सोमवारी मी परत ब्याऐंशीला बंद होणाऱ्या कॉलेजात. स्टाफरूममध्ये ‘मुक्त’ हा शब्द आम्ही एका विशिष्ट सुरात उच्चारायचो. "तिची पदवी? मुक्तची आहे." त्यातला तो अर्धविराम ऐकला की मला आता लाज वाटते. आपण दोन दारं केली. एक अरुंद आणि मानाचं, एक रुंद आणि कमी मानाचं. रुंद दारातून आलेल्याच्या प्रमाणपत्रावर ते दार कायमचं छापलेलं राहिलं. टेंपीत ऑनलाइन शिकलेल्याच्या पदवीवर ‘ऑनलाइन’ हा शब्द नसतो. २०१४ मध्ये स्टारबक्सने आपल्या कर्मचाऱ्यांची फी भरायचा करार या विद्यापीठाशी केला. कॉफी ओतणाऱ्या त्या मुलीला मिळणारी पदवी आणि माझ्या लेकीसारखी आवारात बसून मिळवलेली पदवी यांचा कागद एकच. ताकवल्यांकडे दृष्टी कमी नव्हती. पण त्यांचं विद्यापीठ आम्ही उरलेल्यांनी वेगळ्या पंक्तीला बसवलं, आणि वाढणारे आम्हीच होतो.

पदवीदान समारंभाला ही मंडळी गंगापूर धरणाजवळच्या विद्यापीठाच्या आवारात यायची, नवे कपडे करून, पोराबाळांसह, कुणी नंदुरबारहून तर कुणी गडचिरोलीहून. एका वर्षी माझ्या केंद्रावरचे एक कंडक्टर भेटले. बायको सोबत होती. इमारतीकडे बोट करून त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, विद्यापीठ म्हणजे हेच का?"

*

मेच्या दुसऱ्या आठवड्यात टेंपीत पदवीदान होतं. तोवर ऊन तापायला लागलेलं असतं. सकाळी नऊनंतर बाळाला बाहेर नेणं शक्य नसायचं, म्हणून आम्ही सहालाच निघायचो. पालो वर्दे नावाची हिरव्या खोडाची झाडं आहेत तिथे, त्यांच्या पिवळ्या फुलांचा सडा सुकून रस्त्याच्या कडेला गोळा झाला होता. आवारात माणसंच माणसं. किरमिजी झगे, सोनेरी पट्टे, हातात फुगे, आणि प्रत्येक पाटीसमोर फोटोसाठी रांग.

ओल्ड मेनसमोर मी नेहमीच्या बाकावर बसले होते. पंचेचाळिशीचा एक माणूस झगा सावरत माझ्याकडे आला. सोबत बायको, आणि कंटाळलेली दोन मुलं. पायात कामावर घालायचे जाड बूट, नीट पॉलिश केलेले. फोन पुढे करून म्हणाला, आमचा फोटो काढाल का? मी काढला. मुलं हसेनात म्हणून परत काढला. मग बोलणं झालं. टेक्सासमधून रात्रभर गाडी चालवून आले होते. सहा वर्षं लागली, म्हणाला, रोज रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बायकोने मान हलवली. ते टेबल तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

समारंभाला अजून वेळ होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जरा संकोचून विचारलं, "तुम्ही इथल्या दिसता. लायब्ररी कुठे आहे हो? सहा वर्षं तिची पुस्तकं वाचली, एकदा बघून घेतो."

पंजाबी ड्रेस, पायात लेकीचे बूट, पुढ्यात बाबागाडी. मी त्याला इथली वाटले होते. हेडन लायब्ररी मला पक्की माहीत होती. बाळ रडायला लागलं की मी त्याला तिच्या सावलीत नेऊन बसायची. हाताने दिशा दाखवायला लागले, पण एवढ्या गर्दीत दोन वळणं सांगून कळणार नव्हती.

"चला," मी म्हटलं आणि बाबागाडीचा ब्रेक काढला. "दाखवते."